जाळीची उंची

वाटाण्याला पहिली पानं फुटली
आणि त्याच रात्री गेली.
कापलेली अशी, की शिंप्यानं मान डोलवावी:
तिरपी, स्वच्छ, एका घावात.

एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
डलूथच्या चढांवर, बर्फात,
मागे चाळीस पोरं बोंबलत असताना.
आता हे सव्वा किलोचं जनावर मला नमवणार?
म्हणे सशाचं काळीज!
मी खिडकीवर टकटक केलं तर तो वळून बघतो,
तोंडातलं चावणं न थांबवता.

टोइव्हो म्हणाला, रक्ताची भुकटी टाक.
टाकली. त्याचाच कुत्रा येऊन वाफा चाटून गेला.
मर्नाच्या सलूनमधून पिशवीभर केस आणले,
ओळखीच्या बायकांचे, रंगवलेले,
ते वाफ्याभोवती पसरले.
सकाळी केसांवरून पायवाट पडलेली.
साबणाच्या वड्या टांगल्या,
तर साबणावर दातांचे ठसे.
मग पिंजरा लाव, टोइव्हो म्हणाला,
धरून लांब सोडून ये.
लांब म्हणजे कुठे, तुझ्या अंगणात?
तो दोन दिवस बोलला नाही.

शेवटी जाळी.
वीतभर जमिनीत, दोन हात वर,
वाफ्यांना आणि सफरचंदाच्या नव्या रोपालाही.
हात सोलपटले, पण त्या रात्री झोप लागली.

जूनमध्ये गवत कापत होते.
यंत्राच्या पुढ्यात, हातभर अंतरावर
गवताचा एक पुंजका हलला.
वारा नव्हता.
वाळक्या काड्या बाजूला केल्या, खाली
आईनं स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस,
आणि त्यात चार जीव, अंगठ्याएवढे,
डोळे मिटलेले,
कपाळावर पांढरा ठिपका
जणू कुणी पिठाचं बोट टेकवलंय.

प्राणी सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला.
हात लावू नका, त्या म्हणाल्या.
आई दिवसभर दूरच राहते, मुद्दाम,
संध्याकाळी येते, पहाटे येते,
पाच मिनिटं पाजते आणि जाते.
खात्री हवी तर वर दोरे आडवे-उभे ठेवा.
सकाळी सरकलेले दिसले, तर ती आली होती.

अर्धवट राहिलेल्या हातमोज्याची लाल लोकर होती.
तीच ठेवली, फुलीसारखी.
दिवा मालवून स्वयंपाकघरात बसले.
टोइव्होच्या घरी टीव्हीचा निळा उजेड,
खाली सरोवरावर एका जहाजाचा भोंगा.
मला काही दिसलं नाही.

स्टॉपवर कुणाची आई आली नसेल
तर मी इंजिन चालू ठेवून थांबायचे.
नियमात नव्हतं ते.
पोरगं पहिल्या सीटवर बसून
दप्तराचा पट्टा चावत राहायचं,
आणि मी आरशात बघायचे नाही,
त्याला रडायला जागा असावी म्हणून.

पहाटे अनवाणीच गेले.
लोकर विस्कटलेली.
एक धागा तर नाहीच.

अंगणाचा तो कोपरा मी कापला नाही.
गवत गुडघ्याएवढं वाढलं.
नगरपालिकेची चिठ्ठी आली, ती फ्रिजवर लावली.
तीन आठवड्यांत खड्डा रिकामा,
आणि चौथ्यात, जाळीच्या एका फटीतून,
घेवडा संपला. सगळा.
मी जे काही बोलले ते बसमध्ये कधी बोलले नव्हते.

मग हिवाळा. कंबरभर बर्फ.
मार्चमध्ये सफरचंदाजवळ गेले तर
जाळी शाबूत, खालची साल शाबूत,
आणि जाळीच्या बरोब्बर वर
खोडाभोवती पांढरं कडं, हाडासारखं.
त्यांनी उडी मारली नव्हती.
काही कुरतडलं नव्हतं, वाकवलं नव्हतं.
नुसते बर्फावर बसून राहिले,
आणि बर्फानं त्यांना रोज थोडं वर उचललं.

झाड गेलं. नवं रोप लावलंय.
जाळी या वेळी माझ्या छातीपर्यंत.
टोइव्हो कुंपणावरून विचारतो,
झाड आहे की कैदी?
मी म्हणते, तू शिडी दे आधी.