वरची पहिली दाढ

प्रश्न एवढाच: दंतवैद्यकच का?
शब्दमर्यादा पाचशे, भाषा इंग्रजी.
इथली पदवी तिकडे अर्धीच धरतात,
उरलेली अर्धी या निबंधावर.

तासगावात, बेदाण्याच्या शेडमागच्या दोन खोल्यांत
सकाळपासून मी 'मी'ने वाक्य सुरू करतेय.
इंग्रजीतला मी एका रेघेचा, काठीसारखा ताठ.
मराठीत आजवर क्रियापदातच भागवत आले.

पहिला खर्डा: लहानपणापासून मला
लोकांच्या चेहऱ्यावर हसू फुलवायचं होतं.
खोटं. मला एसटीत कंडक्टर व्हायचं होतं,
तिकिटांना भोकं पाडायला.
दुसरा: कवठे महांकाळच्या शिबिरात
एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.
तेही नाही. आजोबांनी विचारलं होतं,
कवळी फुकट हाय का?
हे सगळे दाखवायचे दात.
खायचे कुठल्या रकान्यात लिहू?

दुसऱ्या वर्षी काढलेले दात जमवावे लागतात,
खरे, माणसांचे, हात बसायला.
कॉफीची रिकामी बरणी घेऊन मी फिरले,
विटा, मिरज, शिराळा,
सर, काही निघालेत का?
दाताच्या कण्या करणं म्हणजे काय, तेव्हा कळलं.
एका डॉक्टरांनी सोळा दिले,
त्यातले चौदा किडून पोकळ.

आईने वीस वर्षं मशेरी लावली.
तव्यावर भाजलेली, शेडमध्ये जाण्याआधी,
भूक जरा उशिरा लागावी म्हणून.
हसताना पदर तोंडाला.
मी आ कर म्हटलं की म्हणायची,
तू शीक आधी.

एका संध्याकाळी शेडवरून आली,
कनवटीची पुडी सोडली.
पेपरच्या कपट्यात दाढ,
काळी, तिन्ही मुळं शाबूत.
'हालतच हुती. काढून घेतली. घाल तुझ्या बरणीत.'
भूल दिली होती का, विचारलं.
'त्येचं पैसं येगळं हुतं.'

बिरनाळे सरांच्या तासाला तीच दाढ हाती आली.
आली कसली, मीच शोधून काढली.
प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवली, वरून उघडली.
तीन वाटा सगळ्यांनाच सापडतात.
चौथी केसाएवढी, पहिलीच्या कुशीला,
असतेच असंही नाही.
सुई अडकली. जराशी फिरवली,
आणि गेली मुळाच्या टोकापर्यंत.
सर वाकून बघत म्हणाले, नशीब लागतं.
कुणाची गं दाढ?
म्हटलं, बरणीतली.

हे पाचशेत बसतं. मोजून पाहिलं.
तिकडे मध्यरात्र व्हायला अजून तीन तास आहेत,
तोवर अर्ज उघडा.

आई चहा ठेवून गेली नाही, उभी राहिली.
'अजून सवताबद्दलच लिवतीस?'
हो.
'कितीसं आसतंय त्यात. माझं काय घातलंस?'
दाढ, म्हटलं.
पदर तोंडाकडे गेला.
हसली की काय, दिसलं नाही.
'मशेरीचं नगं लिवू,' म्हणाली.

मग बऱ्याच वेळाने, आतून, भांड्यांच्या आवाजात:
'आन लिवलंसच, तर
भूल दिली हुती म्हणून लिव.'