ओठ झाकून

रामबागेतल्या दवाखान्यात, जिन्याखालच्या बंद खोलीत,
मी रोज ओठांसमोर एक पुठ्ठा धरते
आणि शब्द म्हणते.
एका वेळी एकच,
मागंपुढं वाक्य नसलेला.
समोरच्यानं ऐकलं तसं परत म्हणायचं.
खुणा मी पेन्सिलनं करते,
शाई दिसली की माणसं घाबरतात.

मार्तंडराव जगदाळे, वय एकाहत्तर.
एकतीस वर्षं कापडगिरणीत, साच्यांच्या खात्यात.
यादी हिंदी, सरकारी.
मी म्हणाले, कान.
ते म्हणाले, थान.
मी म्हणाले, भूत.
ते म्हणाले, सूत.
मी म्हणाले, रात,
आणि त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं.

गिरणीनं त्यांचे बारीक आवाज खाल्ले आहेत,
अक्षराला धार लावणारे, कडेकडेचे.
उरला तो पोकळ आकार,
घासूनपुसून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा.
त्यात त्यांनी
घरात होतं ते भरलं.

बावीस वर्षं हे काम करते.
अजून कुणी मला निरर्थक उत्तर दिलेलं नाही.
चुकीचा का होईना, शब्दच देतात.
दारात कोण आलंय ते दिसत नाही
असं डोकं कबूलच करत नाही,
कुणीतरी ओळखीचं ठरवतं,
आत घेतं, पाट मांडतं.

"पास तर झालो ना, बाई?"
मी पुठ्ठा खाली ठेवून म्हटलं, "मशीन लागेल."
"नशीब तर लागतंच," ते म्हणाले
आणि चपला शोधू लागले.

मी तरी काय.
सकाळी गल्लीत कचऱ्याची गाडी येते.
तिचा भोंगा फाटका, त्यात लिंबाखाली भांडणारी कुत्री.
तीन वर्षं मी ऐकत होते:
सुखाचा कचरा वेगळा द्या.
मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.
सुखाचा वेगळा, बाकीचा वेगळा,
आपली नगरपालिका काटेकोर आहे, इतकंच.
मग ऋता सुट्टीत आली, पोह्यांवर जीरावन टाकता टाकता हसली:
"आई, सूखा कचरा म्हणतोय तो. सूखा!"
त्या दिवसापासून गाडी रोज येते,
कितीही कान दिला तरी
सुख काही ऐकू येत नाही.

काल रात्री तिचा फोन.
हैदराबादची बस, खिडकी उघडी असावी,
आवाज मध्येमध्ये धाग्यासारखा तुटत होता.
"दिवाळीला... येत... ई."

येते, आई.
किंवा
येत नाही.

एक न, एक ह,
कुठल्या तरी टॉवरच्या अलीकडं गळून पडलेले.
दुसऱ्या कुणाचं असतं तर मी कागदावर काढून दाखवलं असतं
नेमकं कुठं काय गेलं,
आणि जागा कुणी भरली.

मी म्हणाले, "बरं. बरं, नीट ये."
लाइन त्याआधी गेली की नंतर, माहीत नाही.

आज येताना मल्हारगंजातून
अनारशाचं पीठ घेतलं, अर्धा किलो.
दुकानदारानं काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं.
फोन पर्समध्ये आहे, चार्ज आहे.
मी तिला परत लावलेला नाही.