चुकीच्या घरातला घोडा

तिबिलिसीत, चिनारांखाली, माझी टपरी.
एकोणीस पट, सात घड्याळं,
त्यातली चालू चार.
पटाचं भाडं घेतो, भांडणाचं घेत नाही.
घेतलं असतं तर एव्हाना
नदीकाठी माडी उठली असती.

आज सुरुवात ह्रांतने केली.
"तिग्रान," एवढंच म्हणाला.
आपल्या गल्लीत वाढलेल्याचं
आडनाव कशाला सांगायचं?
"पेत्रोस्यानला हरवायचं म्हणजे
भिंतीला गुदगुल्या करायच्या."

एफिम ल्वोविचने चष्मा पुसला.
पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.
बोत्विनिक, म्हणाला.
दोनदा गादी गेली, दोनदा ओढून आणली.
इंजिनिअर माणूस.
बाकीचे खेळत होते, हा बांधकाम करत होता.

"म्हणून तर त्याच्या डावाला सिमेंटचा वास येतो,"
गायोज म्हणाला, आणि मग तालचं नाव घेतलं,
जसं कुणी पहिल्या बायकोचं घेतं:
हळू,
पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

टॅक्सी उभी करून एकाने खिडकीतूनच विचारलं,
"आणि केरेस?"
"तो दुसरा यायचा."
"इतक्यांदा दुसरं येऊन दाखवा की!"
म्हणाला आणि निघून गेला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

ज्या देशातला सर्वांत मोठा कोण म्हणून हे भांडतात
त्या देशाच्या थोड्या नोटा माझ्याकडे आहेत अजून.
घडी करून टेबलाच्या पायाखाली घातल्यात,
डुगडुगू नये म्हणून.

त्सियाला काळ्या बाजूला बसली होती.
ती इथे सगळ्यांना हरवते
म्हणून तिचं मत कुणी विचारत नाही.
हरवलेल्या प्याद्याच्या जागी मी ठेवलेलं
अक्रोडाचं अर्धं कवच
बोटाने फिरवत ती म्हणाली:

मी सोळाची होते.
क्लबाच्या बाहेर भिंतीएवढा पट.
मॉस्कोहून फोनवर चाल यायची,
आतून एक पोरगा ओरडायचा,
मी लांब काठीच्या आकड्याने मोहरं टांगायची.
गर्दी पार ट्रामच्या रुळांपर्यंत.
एका संध्याकाळी माझ्या हातून
घोडा एक घर चुकला.
बोटं गारठली होती,
आणि तिसऱ्या रांगेत एक जण...
ते जाऊ दे.

कुणाच्या लक्षात आलं नाही.
सगळे विचार करू लागले.
मागून कुणीतरी: वजीर द्या!
वजीर दिला तर राजा निसटतो.
कुठे निसटतो? उंट बघ ना, उंट!
एक पाववाला, पिठाचे हात तसेच.
ट्रामचा कंडक्टर उतरून आलेला,
आत माणसं तिकिटं धरून बसलेली.
एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता,
दुसऱ्याची चूक चौथा.
अकरा मिनिटं.
अकराव्या मिनिटाला मात सापडली,
आणि रस्ताभर टाळ्या पडल्या, अशा, की
समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या.

तेवढ्यात पोरगा धावत आला:
घोडा! अगं, घोडा चुकलाय!

मी काठी उचलली.
घोडा त्याच्या घरी गेला,
मात विझली.
खरा डाव बरोबरीत सुटला म्हणे,
मी शेवटपर्यंत पाहिला नाही.

एवढं बोलून तिने चहा घेतला, थंड झालेला.

"तिग्रानला ती मात आधीच दिसली असती,"
ह्रांत म्हणाला.
"तालने घोडा मुद्दाम त्याच घरात नेला असता."
"घोडा तिथे जाऊच शकत नव्हता, गायोज!"
"म्हणूनच!"
एफिम ल्वोविच चष्मा काढून म्हणाला,
बोत्विनिकने आधी त्या पोरीचा पट तपासला असता.
आणि पुन्हा सुरू.

मी हळूच विचारलं, कुठलं घर होतं?

"सांगणार नाही," त्सियाला म्हणाली.
"सांगितलं की तुम्ही
त्या मातीतली खोट शोधाल."

मग उठली,
तासाभराचं भाडं मोजून ठेवलं.
एकही चाल खेळली नव्हती.