पायतणं कोणी शिवली

समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या दोन-दोनच्या रांगेत,
मधून चालायला वाट.
ही बस, तक्षशिलाताई म्हणाल्या.
मंचाकडची बाजू त्यांची, भिंतीकडची आपली,
आणि ड्रायव्हर मी,
कारण माझा बाप कळंबपर्यंत काळीपिवळी चालवतो.

शिबिराचा दुसरा दिवस. अठरा माणसं,
पुसातली थंडी, एकच मोठी सतरंजी.
आदल्या रात्री ऐकलं होतं :
तिकडच्या काळ्या माणसांचे नळ वेगळे,
दारं वेगळी, शाळा वेगळ्या, मसणवटाही वेगळा.
कोणी चकित झालं नाही.
"अन् विहीर?" एवढंच विचारलं देवाजीनं,
मग खिशात बिडी चाचपत बाहेर गेला.

चादरीवर फोटो पडला.
चादरीला हळदीचा डाग,
तो नेमका त्यांच्या आभाळात आला,
बाकी सगळं काळंपांढरं.
कापूस वेचणाऱ्या बाया,
लांब पोतं खांद्यावरून मागे फरफटत.
कौतिकाबाई चादरीजवळ सरकली.
"आपन वटी बांधतो पोटाशी.
ह्या मांगं ओढतात. कंबर जाते असी."
मग थांबून : "किलोमागं काय देत होते?"
ताईंनी सांगितलं. आधी तर काहीच नाही,
सुटका झाल्यावर मालकाच्या वहीत बुडेल इतकं.
कौतिकाबाईनं बोटं उलटी करून पाहिली,
नखांशी बोंडांनी पाडलेल्या चिरा.

तर आता बस.
मी म्हणायचं ऊठ, तिनं उठायचं नाही.
नाटक एवढंच.

कौतिकाबाई खिडकीशी बसली.
खिडकी नव्हती,
तरी पदर सावरून तिनं बाहेर पाहिलं.
ऊठ, मी म्हणालो.
पोरं हसली. मीही.
"तू तिला ओळखत नाहीस," ताई म्हणाल्या, "नीट म्हण."

ओळखत नाही. माय बाळंतीण असताना
हिनंच मला न्हाऊ घातलं होतं.

मी घसा खाकरला, आणि दुसऱ्यांदा जो आवाज निघाला
तो कोणी शिकवला नव्हता मला.
आटाचक्कीच्या ओट्याखाली
डबा डोक्यावर घेऊन उभा असायचो मी,
तिथून तो कधी आत उतरला असेल.
"ए, ऊठ! समजत नाही काय?"

ती उठली.
गुडघेदुखी विसरून, झटक्यात,
आणि पायतणं हातात घेऊन.

मग तिनं आपल्याच हाताकडे पाहिलं,
जसं कोणी दुसऱ्यानं ती तिथं ठेवली.
"मायबाई," ती म्हणाली, "मी तं उठली."
पंख्याला लटकलेली पताका हलत होती.
पोरं खाली पाहत होती.
"पुन्हा कर," ती मला म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा उठली.
तिसऱ्यांदा अर्धी उठून थबकली,
खुर्चीचा हात घट्ट धरून.
चौथ्यांदा मी तोंड उघडलं आणि लाइन गेली.
अंधारातच म्हणालो.
खुर्ची करकरली नाही.
बराच वेळ करकरली नाही.
अंधारातून तीच बोलली :
"हे सोपं हाय. उद्या उजेडात पाहू."

रात्री अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर,
आणि ताई सांगत होत्या
एका गावानं बस सोडली ती गोष्ट.
तीनशे एक्क्याऐंशी दिवस. पायी.
कामाला जाताना पायी, येताना पायी,
म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, पावसातही.
कौतिकाबाईचा घास हातातच राहिला.
"इतके दिवस? मंग त्याईची पायतणं कोनं शिवली?"

ताई गप्प.
नागपूरहून आणलेल्या वहीत
तारखा होत्या, निकाल होते, नावं होती.
हे नव्हतं.
त्यांनी कंदील जवळ ओढून लिहून घेतलं,
पुढे प्रश्नचिन्ह काढलं,
आणि भाकर थंड होईस्तोवर
ते गिरवत बसल्या.

मला झोप आली नाही नीट.
तो आवाज घशात कुठं बसलाय,
थुंकला तर पडेल काय,
असलं काहीतरी.

पहाटे उठलो तर खुर्च्या मांडलेल्या,
दोन-दोनच्या रांगेत, मधून वाट.
सतरंजीवर बाकीचे घोरत होते.
ती खिडकीशी बसलेली,
पायतणं पायात, पट्ट्याला तार गुंडाळलेली.
"उजेड आला," ती म्हणाली.
"म्हन."