बर्फ

पोलिसांनी विचारलं, नक्की कधीपासून?
मी तारीख आठवत बसले. तारीख कुठली असणार.

रापण मोडली त्या वर्षी गौरेश
दांडीच्या वाळूत नुसता बसून असायचा,
दोर वळायचा, परत उलगडायचा.
समोर रात्रभर पर्ससीनवाल्यांचे दिवे.
तेव्हा ते दोघे आले, कणकवलीकडचे.
पहिल्यांदा काय विचारलं, लिहून घ्या:
'जेवलस काय रे?'
घरातल्या कुणी महिनाभर विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.

मग रविवारच्या बैठका. नवे बूट.
घरात एक शब्द राहायला आला, 'ते'.
आधी 'ते' म्हणजे पर्ससीनवाले,
त्यांचे मालक, मालकांचे जावई.
गणपतीपर्यंत 'ते' म्हणजे
बर्फवाले सोलकर,
ज्यांच्या वहीत बाबांची उधारी होती
आणि ज्यांनी बाबा गेल्यावर
ते पान फाडून आईच्या हातात दिलं होतं.

एका पहाटे मामाची होडी घेऊन गेला,
बर्फ न घेता.
त्यांचा नको, म्हणाला.
दुपारी दोन टोपल्या बांगडे आणले,
डोळे पांढरे, पोटं फुटलेली.
लिलावात कुणी बोट लावलं नाही.
तो हसला. चालतं, म्हणाला.

गोदाम जळलं ते पुढे, शिमग्यानंतर.
आत सोलकरांचा भाचा झोपला होता.
ते तुमच्या कागदावर आहेच.

मी ते बांगडे चिरले,
मीठ भरलं, अंगणात वाळत घातले.
शेजारीण कुंपणावरून म्हणाली, एवढे खारवायला काढलंत?
म्हटलं, यंदा मिळालेत भरपूर.