तळावरचा शिक्का

फोंतेन्यासमधल्या दुकानात आर्सेनिओने
फुलदाणीला लगेच हात लावला नाही.
बाळंतिणीला विचारावं तसं हळू विचारलं,
"उलटी केली तर चालेल?"

आमच्याकडे ती कुणी कधी उलटी केली नव्हती.
तिचं एक ठरलेलं वाक्य होतं :
मकावची, व्हिसरेच्या गलबतातून आलेली, तीनशे वर्षांची.
पाहुणे आले की आई ते चहाबरोबर आणायची
आणि बाबा नेमके तेव्हाच
मागचा नळ बंद करायला उठायचे.

निळे डोंगर, एक पूल,
पुलावर छत्रीवाला माणूस, अजून अर्ध्यावरच.
त्याच्या पायाखालची सोनेरी रेघ
आईच्या फडक्याने कधीच नेली.

आर्सेनिओने टिचकी मारली, कान लावला.
"तीनशे?" भला माणूस, हसला नाही.
भिंग माझ्या हाती दिलं.
तळाला लाल शिक्का. 'मेड इन' स्पष्ट. 'जपान' स्पष्ट.
मधला शब्द चाकूने खरवडलेला,
पण उजेडात तिरकी धरली की
ओरखड्यांखालून वर येणारा :
'ऑक्युपाइड'.

"युद्ध हरल्यावर काही वर्षं
त्यांना हे असंच लिहावं लागे," तो म्हणाला.

म्हणजे एक्कावन्न साल असेल. बाबा मुरगाव बंदरात
तांबड्या मातीची वजनं लिहीत.
जपानी बोटी रिकाम्या यायच्या
आणि आमचे डोंगर भरून न्यायच्या.
अगदीच रिकाम्या नसाव्यात.
कुणी खलाशी, फेणीची एक बाटली,
किंवा वजनात दोन टनांची इकडेतिकड.
बाबांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, आता कोण सांगणार.

चाकू मात्र मला माहीत आहे.
लाकडी मुठीचा, फणस कापायचा, तेलाचा वास येणारा.
सगळा शिक्का सोडून तो एकच शब्द का?
आल्फांदच्या शिपायांसाठी नक्कीच नाही,
त्यांना तो वाचताही आला नसता.
आईच्या गोष्टीसाठी म्हणावं, तर 'जपान' तसंच आहे.
की रोज परक्या झेंड्याखाली सही करून
घरी येणाऱ्या माणसाला
घरात तरी तो वाचवेना?

"हजार रुपये," आर्सेनिओ म्हणाला, "तेही तुम्ही म्हणून."
मी ती परत जुन्या टॉवेलात गुंडाळली.

कुठ्ठाळीच्या पुलावर बस अडकली तेव्हा
सुलक्षाचा फोन आला. "काय म्हणाला? मकावचीच ना?"
खाली एक बार्ज पाण्यात खोल बसून चालली होती.
"मुरगावची," मी म्हटलं.
"काय? आवाज तुटतोय," ती म्हणाली.