अंशतः

नागपूरहून मेल आला रात्री नऊ चाळीसला.
कसबा बावड्यातल्या आमच्या कचेरीत तेव्हा
मी, वॉचमन गुंडू तेली
आणि ट्यूबलाइटवर आपटणारा एक किडा.
तारांकित प्रश्न. उत्तर उद्या अकराच्या आत.

(१) जांभूळखोरे येथील ओढ्यावरील साकव
तीन वर्षे अपूर्ण आहे, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, ठेकेदारास संपूर्ण देयक अदा झाले, हे खरे आहे काय;
(३) असल्यास, कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

बावीस वर्षं मी ही उत्तरं लिहिते.
पहिल्याला 'नाही' म्हटलं
की मागची सगळी आपोआप गळतात:
'प्रश्न उद्भवत नाही.'
तीन शब्द. त्यांच्या सावलीत
किती जण रिटायर झाले.

फाइल काढली. मोजमाप पुस्तिका, पान एक्केचाळीस.
लांबी अठरा मीटर. सही. शिक्का.
फोटो एकच, आणि त्यातला साकव
ओढ्याच्या मध्यावरच थांबलेला.
बाहेर आलेल्या सळ्या पलीकडच्या काठाकडे बोटं करून उभ्या,
आणि त्या सळ्यांवर
कुणीतरी धुणं वाळत घातलेलं.

मी लिहिलं: (१) होय. (२) होय.
लिहिताना हात हलका झाला, खोटं कशाला सांगू.

सकाळी साहेबांनी पेन्सिल उचलली.
माणूस वाईट नाही;
माझ्या ऑपरेशनला रक्त दिलेला माणूस.
'होय' खोडलं, वर बारीक अक्षरात:
'हे अंशतः खरे आहे.'
"काय मगदूम बाई, खोटं न्हाई नव्हं ह्यात?"
नव्हतंच.

मग ते पुण्याला गेलं, मंत्रालयात गेलं,
शिक्के खात नागपूरला पोचलं.
सभागृहात त्या दिवशी गोंधळ,
तास वाहून गेला, तोंडी काही झालं नाही.
उत्तर पटलावर ठेवलं.
पटलावर ठेवलेलं सहसा कुणी उचलत नाही.

इंगवले बाईंनी उचललं.
माईकसमोर त्यांचा घसा बसतो;
मंगळवार पेठेत पोरं म्हणतात,
आमच्या आमदार बोलत न्हाईत, नुसत्या लिवत्यात.

मार्चमध्ये मुंबईहून दुसरा प्रश्न आला.
अतारांकित. एकच ओळ.
'पूर्वीच्या लेखी उत्तरातील "अंशतः" म्हणजे किती मीटर?'

साहेबांच्या चहावर साय धरली.
शब्दाला टेप लावायची पाळी
आजवर या खात्यावर आली नव्हती.

शाखा अभियंता जीपनं गेले,
पँट दुमडून पाण्यात उतरले.
टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं,
तेवढ्यात शाळा सुटली,
दप्तर डोक्यावर घेऊन ओढा ओलांडणाऱ्या
एका पोरीनं धरलं.
तिचं नाव त्यांनी विचारलं नाही,
अहवालात तसा रकाना नाही.

सात मीटर वीस सेंटिमीटर.

म्हणजे दहा मीटर ऐंशी सेंटिमीटर
नुसती हवा,
आणि तिचंही बिल पास झालेलं.

या वेळी साहेबांनी कागद बराच वेळ हातात धरला.
आकड्यात पेन्सिल शिरायला जागा नसते.
सही केली. माझ्याकडे बघितलं नाही.

साकव झाला का, गुंडू रोज विचारतो;
त्याची बहीण दिलीय तिकडं.
वसुलीची नोटीस गेली आहे,
फेरनिविदा प्रस्तावित आहे,
मी त्याला हेच सांगते, याच शब्दांत,
आणि तो माझ्याकडे असा बघतो
की मलाच उपप्रश्न सुचतात.

जुलैचं अधिवेशन तोंडावर आलंय.
पेन्सिलींचा डबा मी साहेबांच्या टेबलावरून काढून
कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला.
त्यांचा हात पोचतो तिथवर.
त्याहून उंच ठेवायला
मी एवढी धीट नाही.